जोडी नको, एकटाच द्या: कोकणात हॅमस्टर आणायचा तर कुठून

हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी, हवा म्हटलं की कोकणातून पहिला फोन जातो मुंबईच्या मामाला, नाहीतर कोल्हापूरच्या ओळखीच्याला. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीकडच्या दुकानांचा मुख्य धंदा मासे आणि लव्हबर्डचा. हॅमस्टर विचारला तर बहुधा उत्तर येतं, "मागवून देतो." खरी चौकशी इथूनच सुरू करायची. मागवणार कुठून, कुणाबरोबर, आणि ते पिल्लू किती तास डब्यात असणार?

किमतीपेक्षा हे आधी विचारायचं, कारण हॅमस्टरच्या पिल्लाचा सगळ्यात नाजूक काळ आणि विक्रीचा काळ एकच आहे. पिल्लं साधारण २१व्या दिवशी आईचं दूध सोडतात. वेट टेल नावाचा जुलाबाचा आजार, ज्यात शेपटीकडचा भाग ओला राहतो, बहुतेक ३ ते ८ आठवड्यांच्या पिल्लांना होतो. तो जिवाणूमुळे होतो, पण उसळी मारतो ताणामुळे: प्रवास, गर्दी, बदललेला खुराक, अस्वच्छ पिंजरा. पैदास करणाऱ्याकडून घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून दुकानात, दुकानातून तुमच्या घरी, असे तीन मुक्काम दोन आठवड्यांत झाले की चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लू पाठ कुबडी करून कोपऱ्यात बसतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. मग दुकानदार सांगतो, "इकडची हवा मानवली नाही." हवेचा दोष थोडा असेलही, पण आजार बहुतेक वेळा वाटेतच आत शिरलेला असतो.

म्हणून जागा निवडताना आमचा क्रम असा: आधी कुणाचा तरी नको झालेला हॅमस्टर, मग ज्याच्याकडे आई आणि पिल्लं दोन्ही डोळ्यांनी बघता येतील असं घर, मग नोंदणी असलेलं दुकान. बसच्या डिकीतून पार्सलने येणारा हॅमस्टर या क्रमात कुठेच बसत नाही. सामानाच्या कप्प्यात हवा खेळत नाही, गाडी महाडला किंवा संगमेश्वरला जेवायला थांबली की तो कप्पा भट्टीसारखा तापतो, आणि डब्याची जबाबदारी कुणाचीच नसते.

नको झालेला हॅमस्टर कोकणात मिळायला वाटतं तितका कठीण नाही. मे महिन्याच्या सुट्टीत पोरांबरोबर पिंजराही आजोळी येतो आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की पिंजरा तिथेच राहतो. आजीला त्या प्राण्याचं करायचं काय ते कळत नाही. गावच्या किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा विचारून बघा, शाळेतल्या पालकांना विचारा, जवळच्या पशुवैद्यकाला सांगून ठेवा. मोठा हॅमस्टर घेण्यात एक जास्तीचा फायदा आहे: वेट टेलचं वय उलटलेलं असतं, चावरा आहे की शांत ते आधीच कळतं, आणि पिंजरा नि धावायचं चाक बरोबर मिळतं. वय मात्र नेमकं विचारा. हॅमस्टर सरासरी दोन-अडीच वर्षं जगतो, म्हणजे वर्षाचा हॅमस्टर मध्यमवयीन झाला. दीड वर्षाचा घेत असाल तर लहान मुलांना त्याची कल्पना आधी द्या.

आता दुकान. प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ साली केंद्र सरकारने नियम केले आणि त्यांत कुत्रा-मांजराबरोबर ससा, गिनीपिग आणि हॅमस्टरही येतात. दुकानाला राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तेव्हा "नोंदणीचं प्रमाणपत्र बघू का?" असं सरळ विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. औषधाच्या दुकानात परवाना भिंतीवर असतोच की. पावती मागा, तिच्यावर प्राण्याची जात, लिंग आणि तारीख लिहून घ्या. पावती द्यायला जो काचकूच करतो, त्याच्याकडे नंतर तक्रार घेऊन जाण्यात अर्थ नसतो.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला जाऊन स्वतः आणायचा बेत असेल तर संध्याकाळी जा. हॅमस्टर रात्रीचा प्राणी. दुपारी बारा वाजता सगळेच गोळा होऊन झोपलेले दिसतात आणि आजारी कोण, झोपलेला कोण, ते ओळखता येत नाही. संध्याकाळी सहानंतर जो उठून दाणे शोधतोय, मिशा हलवत काचेकडे येतोय, तो बघा. डोळे स्वच्छ, उघडे. नाक कोरडं. कानाजवळ धरला तर श्वासाचा टक-टक आवाज येता कामा नये. वरचे दात पिवळसर असतात ते नैसर्गिक. पांढरे नसले म्हणून घाबरू नका, वाकडे वाढलेले मात्र नकोत. शेपटीखालचा भाग नीट बघा. तिथे ओल किंवा केस चिकटलेले दिसले तर तो एकच नव्हे, त्या पिंजऱ्यातला एकही हॅमस्टर घेऊ नका. दया येऊन आजारी पिल्लू उचललं तर रिकामी झालेली जागा भरायला दुकानदार उद्या आणखी एक मागवतो.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो "जोडी"वरून. लव्हबर्डच्या सवयीने आपल्याकडे हॅमस्टरही जोडीने विकतात, आणि "एकटा उदास होतो" असं ठामपणे सांगतात. सिरियन हॅमस्टर, म्हणजे नेहमी दिसणारा सोनेरी किंवा लांब केसांचा "टेडी बेअर", स्वभावाने एकटा राहणारा प्राणी आहे. आठ-दहा आठवड्यांचा झाला की दुसऱ्याला फाडतो, मग तो सख्खा भाऊ का असेना. दुकानात पाच जण एकत्र गुण्यागोविंदाने दिसतात कारण ती अजून पिल्लं असतात. खरे कारण एवढंच. रशियन बुटके किंवा रोबोरोव्हस्की या लहान चणीच्या जातींचे कधीकधी एकत्र राहतात, पण पहिल्यांदा पाळणाऱ्याने त्यांचाही एकच घ्यावा.

नर-मादी जोडी घेतली तर हिशेब करून बघा. मादी दर चार दिवसांनी माजावर येते, सिरियनचा गर्भकाळ जेमतेम १६ दिवस, एका वेतात सहा-दहा पिल्लं सहज. बुटक्या जातींची मादी तर, नर शेजारीच असेल तर, व्याल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं चार-पाच आठवड्यांची झाली की त्यांनाही पिल्लं होऊ शकतात. दोन महिन्यांत घरात किती होतील ते कागदावर मांडा आणि मग त्या सगळ्यांना गावात कोण घेणार तेही शेजारी लिहा.

लिंग ओळखणं शिकून जा, विकणाऱ्यावर विसंबू नका. पिल्लू मागून उचलून बघितलं तर नरामध्ये मूत्रद्वार आणि गुदद्वार यांच्यात स्पष्ट अंतर दिसतं, मादीमध्ये ती जवळजवळ खेटून असतात. पाच आठवड्यांच्या पुढे नराचा मागचा भाग लांबट, फुगीर दिसतो. विकणारा हे करून दाखवू शकत नसेल आणि सगळी पिल्लं एकाच पिंजऱ्यात असतील, तर मादी गाभण असण्याची शक्यता धरूनच चाला.

घरी पैदास करणाऱ्याकडे गेलात तर विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत. जन्मतारीख काय? "महिन्याचं असेल" हे उत्तर नव्हे. आई कुठे आहे? तिला बघू द्या. ती अंगाने भरलेली, केस चकचकीत असली पाहिजे. हाडं लागत असतील तर तिला वेतामागून वेत दिलं जातंय. नर-मादी पिल्लं चौथ्या आठवड्याच्या आत वेगळी केली का? खायला काय घालता? आणि कोकणासाठी आमचा एक खास प्रश्न: पिंजरा ठेवता कुठे? पडवीत किंवा माळ्यावर ठेवलेल्या पिंजऱ्याभोवती रात्री घरचे उंदीर फिरतात, दाण्यांवर मुततात. पावसाळ्यात लेप्टोची भीती आपल्याला नवी नाही, आणि तो रोग हॅमस्टरलाही होतो. खाली भाताचा तूस किंवा वखारीतला भुसा असेल तर तोही वास घेऊन बघा. बारीक धूळ आणि कुबट वास म्हणजे शिंका, डोळ्यांतून पाणी. चांगला पैदास करणारा तुम्हालाही विचारेल: पिंजरा केवढा, उन्हाळ्यात काय करणार, घरात मांजर आहे का. त्याचा राग मानू नका.

घरात कुणी गरोदर असेल तर हॅमस्टर वर्षभर पुढे ढकला. एलसीएम नावाचा विषाणू उंदरांकडून हॅमस्टरमध्ये आणि त्याच्याकडून माणसात येऊ शकतो. एरवी तो फारसा त्रास देत नाही, पण गर्भाला घातक ठरू शकतो.

आणण्याची वेळ. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, बस्स. हॅमस्टरला वीस ते चोवीस अंश बरे वाटतात, तिशीच्या पुढे दमट हवेत उष्माघाताचा धोका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चौतीसला आणि घाम वाळत नाही अशी स्थिती. त्यात प्रवास केलेलं पिल्लू टिकणं कठीण. परदेशी सल्ल्यांत निपचित पडलेला हॅमस्टर "थंडीने झोपी गेलाय, ऊब द्या" असं वाचायला मिळतं. कोकणात मे महिन्यात निपचित पडलेल्याला ऊब देऊ नका. तो तापलेला असतो. गार फरशीवर, ओलसर कापडाशेजारी ठेवा, बर्फाचं पाणी ओतू नका, आणि डॉक्टरला फोन करा. जूनची सुरुवातही टाळा. पहिल्या वादळात वीज गेली की पंखाही गेला.

डॉक्टरचं आधी ठरवा, प्राण्याचं मागून. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई, म्हशी, शेळ्या आणि कोंबड्यांची गर्दी असते. हॅमस्टर बघाल का, असं फोनवर विचारून घ्या. सिंधुदुर्गातल्यांना गोवा जवळ पडतं, उत्तर रत्नागिरी-रायगडला पुणे-मुंबई. घरातलं माणसाचं किंवा गुरांचं औषध तोंडाने पाजू नका. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारतात आणि तो औषधानेच दगावतो. हे सगळ्यांना माहीत नसतं, म्हणून डॉक्टरलाही नम्रपणे आठवण करून द्यायला हरकत नाही.

पिंजरा घरी मांडून झाल्यावरच प्राणी आणायला निघा. दुकानात बरोबर मिळणारा फूटभर लांबीचा रंगीत तारेचा पिंजरा प्रवासापुरता ठीक. राहायला किमान १०० बाय ५० सेंटिमीटरची जमीन, २० सेंटिमीटर तरी जाड कागदाच्या लगद्याचा किंवा धूळ नसलेल्या भुशाचा थर, आणि सिरियनला २८ सेंटिमीटर व्यासाचं, फटी नसलेलं चाक. लहान चाकात पाठ कमानीसारखी वाकते. जुनं मोठं फिश टँक वरून जाळी लावून चालतं, पण कोकणच्या दमटपणात त्यात हवा कोंडते, खालचा थर बुरसतो. बाजूंना जाळीच्या खिडक्या काढलेली लाकडी पेटी सुतार करून देतो, ती आम्हाला जास्त पटते. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्यांचा प्रश्न मिटतो. जाळी मात्र बारीक हवी. धामणीला उंदीर आणि हॅमस्टर यांतला फरक कळत नाही.

प्रवासाला कडक प्लास्टिकचा डबा, वर आणि बाजूंना भोकं, खाली त्याच्याच जुन्या पिंजऱ्यातला मूठभर भुसा. पुठ्ठ्याचा खोका तो पनवेल यायच्या आत कुरतडतो. पाण्याची बाटली गळते आणि भुसा भिजतो, त्याऐवजी काकडीची एक फोड ठेवा. डबा मांडीवर, उन्हाच्या खिडकीपासून लांब. कोल्हापूरहून येत असाल तर पहाटेची एसटी धरून दुपारच्या आत आंबा घाट उतरा. जिथून आणला तिथला खुराक आठवडाभर पुरेल इतका मागून घ्या आणि नवीन खुराक हळूहळू मिसळा.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस हात लावू नका. पहिल्या रात्री खाल्लं का, लेंड्या कोरड्या आहेत का, एवढंच बघा. तिसऱ्या दिवशी शेपटीखालचा भाग ओला दिसला तर "बघू उद्या" म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे निघा. आणि मादी मिश्र पिंजऱ्यातली असेल तर आणल्या तारखेपासून तीन आठवडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा. तोवर पिल्लं झाली नाहीत तर सुटलात. झाली तर दोन आठवडे घरट्याला हात लावायचा नाही, शेजारच्या मुलांना दाखवायला झाकण उघडायचं नाही. घाबरलेली आई पिल्लं खाते. खाणं-पाणी दुरून ठेवायचं आणि पंचविसाव्या दिवसासाठी दुसऱ्या पिंजऱ्याची सोय आतापासून लावायची.