फॉर्मवर नाव आईचं

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घरच्यांनीच सांभाळलं, तर जर्मनीत काळजी-विम्याकडून दरमहा रोख पैसे मिळतात. परावलंबनाच्या पाच पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीला, म्हणजे फ्लेगेग्राड ३ ला, २०२५ पासून ५९९ युरो. त्याबदल्यात दर सहा महिन्यांनी एखाद्या मान्यताप्राप्त सेवेची नर्स घरी बोलवायची आणि तिच्या सहीचा फॉर्म विमावाल्यांकडे पोहोचवायचा. नाही पोहोचवला तर पैसे आधी कापतात, मग बंद करतात. त्यामुळे लोक आम्हा नर्सना हौसेने बोलवत नाहीत. घर आवरून ठेवलेलं असतं, पेशंटच्या अंगात धुतलेला शर्ट असतो, टेबलावर कॉफी तयार. नर्सही बऱ्याचदा खुणा करते, सही ठोकते आणि पळते, कारण पुढची घरं वाट बघत असतात. ही भेट सल्ल्यासाठी ठेवलेली आहे, पण दोन्ही बाजूंनी ती हजेरीसारखी उरकली जाते.

मी हॅम्बुर्गमध्ये लुथरन चर्चशी जोडलेल्या एका सेवासंस्थेत घरपोच नर्सिंग करते. तळमजल्यावर आमचं ऑफिस: भिंतीवर पेशंटच्या घरांच्या किल्ल्यांचं कपाट, किल्ल्यांवर नावं नाहीत, नुसते नंबर. वरच्या मजल्यावर कुटुंब-सल्ला केंद्र, त्याच्या वर किशोरवयीन मुलांची मदत, मागच्या अंगणात वृद्धांचं डे-केअर. जिना एकच. खाली सांगते त्या घराचे ओळख पटण्यासारखे तपशील बदलले आहेत.

आजोबा ऐंशीच्या पुढचे. मधुमेह जुना, एकदा अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, विसरभोळेपण आता नावापुरतं राहिलेलं नाही. मुलगी एकटी आई, एका मोठ्या बेकरीत रात्रपाळीला. रात्री साडेआठला निघते, सकाळी साडेसातला परत. नात पंधरा वर्षांची. फॉर्मवर ‘काळजी घेणारी व्यक्ती’ या रकान्यात आईचं नाव, गेल्या सगळ्या फॉर्मवर तेच, आणि प्रत्येक फॉर्मवर ‘काळजी व्यवस्थित होत आहे’ यावर खूण.

मी विचारलं, इन्शुलिन किती? आईने मुलीकडे, म्हणजे नातीकडे, पाहिलं. मुलगी म्हणाली, “सकाळी अठरा, संध्याकाळी दहा.” पायमोजे कोण चढवतं? पुन्हा तेच. कॉम्प्रेशनचे पायमोजे दुसऱ्या वर्गाचे आहेत, ते पेशंट पलंगावरून उठायच्या आत चढवावे लागतात. उठून पाय खाली सोडले की पायांना सूज चढते आणि मग मोजा घोट्याच्या वर सरकत नाही. रात्रपाळीची आई साडेसातला येते आणि आजोबा सहाला उठतात, म्हणजे मोजे कोण चढवतं हे विचारायची गरजच नव्हती. आठवड्याच्या गोळ्यांचा डबा मुलीनेच भरलेला होता. बरोबर भरलेला होता.

मग मी आजोबांचं पोट तपासलं. ही गोष्ट फॉर्मवर नाही, पण इन्शुलिन घेणाऱ्याचं पोट नुसतं बघून चालत नाही, बोटांनी चाचपावं लागतं. नाभीच्या डावीकडे अक्रोडाएवढी गाठ लागली, रबरी, आजूबाजूच्या चरबीपेक्षा घट्ट. एकाच जागी वर्षानुवर्षं सुई टोचली की अशी गाठ होते. तिथे टोचलेलं कमी दुखतं, म्हणून पेशंट तीच जागा पुढे करतो आणि टोचणारा तिथेच टोचत राहतो. अडचण अशी की गाठीतून इन्शुलिन कधी सावकाश शोषलं जातं, कधी अचानक. वहीत साखर १२० ते ३४० अशी उड्या मारत होती आणि डॉक्टर त्या आकड्यांवरून डोस वाढवत गेले होते. आता जागा बदलली तर तेच अठरा युनिट निरोगी चरबीतून नीट शोषले जातील आणि साखर धाडकन खाली येईल. म्हणून अशा वेळी “उद्यापासून उजवीकडे टोच” एवढं सांगून निघता येत नाही. आधी डॉक्टरला फोन, डोस किती कमी करायचा ते लेखी घ्यायचं, मग जागा बदलायची आणि पुढचे काही दिवस साखर जास्त वेळा मोजायची.

तिला मी पेन दाखवायला सांगितलं. दुधाळ मिश्र इन्शुलिन; एकसारखं पांढरं होईपर्यंत पेन हलक्या हाताने उलटसुलट करायचं, ते ती करत होती. दोन युनिट हवेत सोडून सुई चालते का पाहणं, तेही. टोचल्यावर दहापर्यंत मोजूनच सुई बाहेर काढायची, तेही. सुई मात्र दोन-तीन दिवस तीच, कारण डबा लवकर संपला की आईला फार्मसीत जावं लागतं. आणि एक गोष्ट तिने स्वतःच्या डोक्याने शोधली होती: आजोबा कधीकधी न्याहारीला तोंड लावत नाहीत, म्हणून पहिला पाव पोटात गेल्याशिवाय ती टोचत नाही. इन्शुलिन कोणतं आहे ते बघून, डॉक्टरला विचारून, अनुभवी नर्सही हेच करते. पंधरा वर्षांच्या पोरीला हे सुचलं याचं कौतुक करावं की संताप करावा, मला अजून कळलेलं नाही. सात वाजून वीस मिनिटांनी ती शाळेला निघते. पुढची दहा मिनिटं आजोबा एकटे, पोटात अठरा युनिट.

आता यातली खरी चीड आणणारी गोष्ट. इन्शुलिन, गोळ्या, पायमोजे ही तिन्ही कामं काळजी-विम्याच्या पैशांतून करायची नसतातच. ती आरोग्य-विम्याची. डॉक्टरने ‘मुस्टर १२’ हा फॉर्म भरला की आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ जाऊ शकतो आणि ५९९ मधला एक युरोही जात नाही. पेशंटने भरायचं ते प्रत्येक चिठ्ठीमागे दहा युरो आणि वर्षातल्या पहिल्या २८ दिवसांच्या खर्चाचे दहा टक्के. जुनाट आजाराला त्याचीही मर्यादा उत्पन्नाच्या एक टक्का. पहिली चिठ्ठी साधारण दोन आठवड्यांची, म्हणून पुढची वेळेवर मागून घ्यायची. मग इतकी वर्षं का नाही? कारण कायद्यात एक वाक्य आहे: घरातच राहणारी कोणी व्यक्ती हे काम करू शकत असेल तर हक्क नाही. डॉक्टरच्या फाइलमध्ये ‘मुलगी सोबत राहते’ असं होतं, मुलगी म्हणजे नातीची आई, म्हणून चिठ्ठी लिहिलीच गेली नाही. मुलगी रात्री आणि पहाटे कुठे असते, हे कोणी विचारलं नाही. मी आईच्या पाळीच्या वेळा फॉर्मला जोडायला लावल्या आणि विमावाल्यांना फोनवर स्पष्ट सांगितलं की घरात दुसरी व्यक्ती आहे ती दहावीच्या वयाची शाळकरी मुलगी आहे, तिला या हिशेबात धरू नका. मंजुरी आली. इकडे फोनवर आवाज न चढवता तीच गोष्ट तीन वेळा सांगावी लागते, हे महाराष्ट्रातून येऊ पाहणाऱ्या नर्सनी ऐकून ठेवावं. २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गशी महाराष्ट्राचा करार झाल्यापासून बरेच जण जर्मन भाषेच्या बी-टू परीक्षेच्या मागे आहेत. परीक्षेत पत्र लिहायला लावतात. विमावाल्यांच्या क्लार्कशी भांडायला कोणी शिकवत नाही.

आईची भीती पैशांची होती, तीही खरी. अंघोळ, कपडे यांसाठी नर्स लावली तर ते काळजी-विम्याच्या सेवा-रकमेतून जातं, ग्राड ३ ला महिना १,४९७ युरो. त्यातली निम्मी वापरली तर रोख रक्कम निम्मी, म्हणजे २९९ युरो ५० सेंट. तिच्या भाड्यात ते ५९९ धरलेले आहेत. पण डे-केअरची थैली वेगळी आहे, ग्राड ३ ला १,३५७ युरो, तिला हात लावला तरी रोख रकमेला धक्का लागत नाही. तिथलं जेवण वगैरे स्वतः भरायचं, त्यासाठी महिन्याचे १३१ युरोंचे मदत-पैसे वापरता येतात. हे सगळं पत्रकांत छापलेलं असतं. रात्रपाळी करून आलेल्या बाईने ती पत्रकं वाचून आकडे जुळवावेत अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांना एकदा बेकरीत पाठवायला हवं.

राहिली नात. तिच्यासाठी आमच्या फॉर्मवर रकाना नाही. भेट आजोबांची, बिल आजोबांचं. वर दोन मजल्यांवर मुलांचीच माणसं बसतात, पण त्यांचा कायदा वेगळा, पैसे शहराचे, आणि गोपनीयता अशी की मी जिन्यात उभं राहून नाव घेऊन काही सांगू शकत नाही. हॅम्बुर्गच्या हॉर्न भागात योहान हिनरिश विशर्नने १८३३ मध्ये ‘राउहेस हाउस’ काढलं ते उघड्यावर पडलेल्या पोरांसाठी. दहा-बारा मुलं आणि एक मोठा माणूस, अशी लहान लहान कुटुंबंच करून ठेवली त्याने. प्रॉटेस्टंट चर्चच्या ज्या समाजकार्याला आज डियाकोनी म्हणतात, त्याचं एक मूळ तिथे आहे. वार्षिक समारंभात हे दरवर्षी सांगतात. म्हातारे, मुलं आणि कुटुंब असे तीन हिशेब झाले ते नंतर, कायद्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या पैशांनी, आणि आता एकाच स्वयंपाकघरात बसलेली तीन माणसं तीन दप्तरांत विभागली जातात.

एक वाट मात्र कायद्यातच आहे, आणि माझ्या अर्ध्या सहकाऱ्यांना ती माहीत नाही. मुलाची काळजी वाटली तर नर्सला नाव न सांगता बालसंरक्षणाच्या प्रशिक्षित सल्लागाराशी बोलण्याचा हक्क आहे. वरच्या मजल्यावरची अशीच एक बाई. तिने लांबण लावली नाही. मुलगी किती वाजता झोपते? शाळेत कोणाला माहीत आहे? रात्री घाबरली तर ती कोणाला फोन करते? पहिल्याचं उत्तर मला माहीत होतं, बाकीची विचारायला पुन्हा जावं लागलं. शाळेत कोणालाच माहीत नव्हतं. फोन ती आईला करत नाही, कारण आईला पाळी सोडून येता येत नाही.

का लपवलं, तेही मुलीने सांगितलं: बालकल्याण खात्याची माणसं येतील आणि घरातून नेतील. ही भीती अशा बहुतेक घरांत असते. विटेन/हेर्डेके विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासानुसार जर्मनीत घरच्यांची काळजी घेणारी मुलं सुमारे ४ लाख ८० हजार आहेत. ती दिसत नाहीत, कारण ती सगळं नीट करतात. सल्लागाराचं मत पडलं की हे बालसंरक्षणाचं प्रकरण नाही, मदतीचं आहे. मी मुलीला दोन गोष्टी सांगितल्या: सल्ला केंद्रात आईला न सांगताही येता येतं, तो तिचा हक्क आहे; आणि मुलांच्या हेल्पलाइनवर, ११६ १११ या नंबरवर, नाव न सांगता बोलता येतं. ती आली की नाही, हे मला कळत नाही, आणि कळू नये हेच बरोबर आहे.

फॉर्मवर या वेळी मी ‘काळजी पूर्णपणे व्यवस्थित होत नाही’ अशी खूण केली. आधी आई आणि मुलीसमोर बसून सांगितलं की का करते आहे, आईची लेखी संमती घेतली, आजोबांची सही घेतली, मग. आमच्या पेडेएल, म्हणजे नर्सिंगप्रमुख, नाराज होत्या. अशा खुणेने लोक पुढच्या वेळी दुसऱ्या सेवेला बोलावतात, असं त्यांचं म्हणणं. खरंही आहे. अशा खुणा न करणारी सेवा गावात सगळ्यांना आवडते.

आता सकाळ-संध्याकाळ आमची नर्स तिथे जाते, गाठीपासून दूर टोचते, डोस डॉक्टरने कमी केला आहे. डे-केअरची गाडी आठवड्यातून दोनदा आजोबांना नेते. सुटत नाही ती रात्र. आजोबा रात्री उठतात, लघवीला जातात, कधी बाहेरच्या दारापर्यंत पोहोचतात. कायद्यात डे-केअरच्या शेजारीच रात्रीच्या केंद्राचीही तरतूद आहे, त्याच थैलीतून. प्रत्यक्षात अशी केंद्रं शोधून सापडत नाहीत. गळ्यातल्या आणीबाणीच्या बटणाला विमा महिना २५ युरो ५० सेंट देतो, पण ज्याला बटण कशाला आहे हेच आठवत नाही त्याला त्याचा काय उपयोग? पलंगापाशी घंटेची चटई टाकता येते, आजोबांनी पाय ठेवला की वाजते. वाजल्यावर उठणार पुन्हा पोरच.

उरतं ते आईने पाळी बदलणं. तिने बेकरीत विचारलं, पहाटेची पाळी मिळू शकते. पण रात्रीचा भत्ता जातो, आणि मूळ पगाराच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच्या त्या भत्त्यावर कर लागत नाही, म्हणजे हातात पडणारा फरक कागदावर दिसतो त्याहून मोठा. वरच्या मजल्यावरची सामाजिक कार्यकर्ती तिच्याबरोबर घरभाडे-मदतीचा अर्ज भरते आहे, फरक भरून निघतो का ते बघायला. पुढचा फॉर्म सहा महिन्यांनी. मी त्याआधी एकदा जाणार आहे, आणि त्या भेटीचं बिल तिघांपैकी कोणाच्या नावावर लावायचं, हे पेडेएल अजून शोधते आहे.