तुम्ही विचारलंत म्हणून: नवऱ्याला नको असलेली मैत्रीण

"नवऱ्याला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसॉर्डर आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचं नुसतं नाव काढलं तरी घरात भांडण पेटतं. मैत्री सोडून देऊ का?" समुपदेशनात हा प्रश्न वारंवार येतो. बॉर्डरलाइन म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला हेलकावणारा मानसिक आजार. कधी आजार बायकोला असतो आणि नकोसा असतो नवऱ्याचा मित्र. उत्तर तेच.

सोडू नका. मात्र बहुतेक जणी जशी चोरून चालवतात, तशीही चालवू नका. मैत्रिणीचा नंबर 'पार्लर' नावाने सेव्ह करायचा, चॅट पुसायचं, "ऑफिसात उशीर झाला" म्हणायचं. या आजाराच्या निदानासाठी नऊ निकष आहेत, त्यातले किमान पाच लागतात. त्यातला पहिलाच आहे आपल्याला कोणी टाकून जाईल ही भीती, मग ती खरी असो की मनातली, आणि ते टळावं म्हणून केलेला आकांत. लपवलेली भेट उघडकीला आली की मनातल्या भीतीला पुरावा मिळतो. "तू मला फसवलंस" हे त्याचं वाक्य त्या दिवशी खरंच असतं, आणि त्यावर तुमच्याकडे उत्तर नसतं.

मैत्री उघडपणे चालवायची. त्याआधी दोन गोष्टी तपासा. निदान मानसोपचारतज्ज्ञाने केलंय की इंटरनेटवरच्या चाचणीने? बायकोने कोणाशी बोलायचं हे आपण ठरवायचं, असं मानणारे नवरे आपल्याकडे पैशाला पासरी आहेत आणि त्यांना कुठलाही आजार नसतो. त्यांचा विरोध बारा महिने एकसारखा असतो. आजारात तो हेलकावतो: या आठवड्यात "किती चांगली आहे, जेवायला बोलव", पुढच्या आठवड्यात "हीच आपला संसार मोडणार". दुसरं, मैत्रिणीचं काही खरोखर खटकण्यासारखं आहे का? उसने पैसे परत न देणं, रात्री अकराला फोन, त्याची टिंगल, "सोड त्याला" हा सल्ला. यावर धडधाकट नवराही चिडेल. ते आधी थांबवा.

आता व्यवस्था. भेटीचा वार आणि वेळ ठरलेली हवी, आणि भेट आटोपशीर. समजा गुरुवार, सात ते साडेआठ. मनात आलं की निघालं, असं नको. अचानक निघणं हीच ठिणगी असते. आदल्या दिवशी, घरात शांतता असताना, एकदाच सांगा: "उद्या सात ते साडेआठ मी सीमाकडे आहे. पावणेनऊला घरी. मग जेवू." परवानगी मागितल्यासारखं बोलू नका आणि ती किती साधी आहे याचं वकीलपत्रही घेऊ नका. जितकी कारणं द्याल तितके खोडायला मुद्दे मिळतात.

तो चिडला तर आधी भावना मान्य करा, मग ठरलेलं सांगा. "मी बाहेर गेले की तुला घर खायला उठतं, हे मला कळतं. आणि मी पावणेनऊला येणार आहे." मध्ये 'पण' आला की पहिलं वाक्य पुसलं जातं. "हे तुझं बॉर्डरलाइन बोलतंय" हे तर चुकूनही नको.

पोचल्यावर एक मेसेज, निघताना एक. मधे फोन पर्समध्ये, आणि हे त्याला आधीच सांगितलेलं. चौदा मिस्ड कॉल झाल्यावर पंधराव्याला तुम्ही उचललात तर तो शिकतो की पंधरा करावे लागतात. पावणेनऊ म्हणजे पावणेनऊच; ट्रॅफिक लागला तर आधी कळवा. परतल्यावर अर्धा तास त्याच्याबरोबर बसा. भेटीत काय बोललो याचा जबाब देऊ नका आणि चॅटही दाखवू नका. आज दाखवलंत तर उद्या "पुसलेलं कुठंय?" येतं. आधी कळवणं तुमच्याकडे, नंतरची झडती कोणाकडेच नाही.

भांडण झालं की तडक मैत्रिणीकडे जाणं टाळा. तसं दोन-तीनदा झालं की ती त्याच्या हिशेबात तुमची पळून जायची जागा होते. रडायला दुसरं माणूस ठेवा, शक्यतो समुपदेशक. सासूबाईंना किंवा नणंदेला "तुम्हीच सांगा" म्हणून पंच नेमू नका. एकाची बाजू घेतली गेली की दुसरा एकटा पडतो, आणि एकटं पडणं हेच तर दुखणं. "जेवायला बोलव" वाला आठवडा आला तरी हुरळून जाऊन तिघांची सहल ठरवू नका. गुरुवार आहे तेवढाच राहू द्या.

हे सुरू केल्यावर आधी बिघडतं, याची तयारी ठेवा. पूर्वी आरडाओरडा केला की भेट रद्द व्हायची, आता होत नाही, म्हणून आवाज चढतो. याच टप्प्यावर बहुतेक जणी हार मानतात, आणि पुढच्या वेळी वाद त्याच चढलेल्या आवाजापासून सुरू होतो.

"गेलीस तर जिवाचं बरंवाईट करून घेईन." ही धमकी नाटक समजू नका, या आजारात आत्महत्येचा धोका खरा असतो. "मरायचा विचार येतोय का? काही ठरवलं आहेस का?" असं सरळ विचारा, विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. झोपेच्या गोळ्या, फवारणीचं औषध कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. त्याला एकटं सोडू नका. डॉक्टरांना फोन, नाहीतर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, जीव धोक्यात असेल तर ११२. त्या रात्रीची भेट रद्द करावी लागली तर करा. मात्र "पुन्हा कधी भेटणार नाही" अशी शपथ त्या क्षणी घेऊ नका. पुढचा गुरुवार आहे, हे दुसऱ्या दिवशी शांतपणे सांगा. अशा वेळी कोणी काय करायचं याचा कागद डॉक्टरांबरोबर बसून आधीच लिहिलेला असला की बरं.

"तो बरा होईपर्यंत थांबू का?" हाही प्रश्न येतो. अमेरिकेतल्या मॅकलीन रुग्णालयात संशोधक मेरी झानारिनी यांनी अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. १० वर्षांत ९३ टक्के रुग्ण किमान २ वर्षं निदानाच्या निकषांबाहेर राहिले होते, म्हणजे बरं होणं दुर्मीळ नाही. पण स्वतःला इजा करणं लवकर ओसरतं आणि एकटं पडण्याची भीती सर्वात उशिरा. तेवढा काळ मैत्री गुंडाळून ठेवता येत नाही. या आजारासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी घडवलेली डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे भावना सावरायची कौशल्यं शिकवणारी उपचारपद्धती, पूर्ण स्वरूपात सहसा वर्षभर चालते: दर आठवड्याला एक वैयक्तिक सत्र आणि एक कौशल्यांचा गट. सगळे भाग एका ठिकाणी मिळणं आपल्याकडे कठीण. किमान यात प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक शोधा.

मारहाण, फोन हिसकावणं, पगार काढून घेणं, मैत्रिणीच्या दारात जाऊन धिंगाणा, हे सुरू असेल तर वरचं वेळापत्रक विसरा. तो कौटुंबिक हिंसाचार आहे, २००५ चा कायदा त्यासाठीच आहे आणि निदानाचा कागद तिथे सूट देत नाही. महिला हेल्पलाइन १८१.

राहिली मैत्रीण. तिलाही नियम हवेत आणि ते तुम्हीच सांगायचे. त्याचे शिव्यांचे मेसेज आले तर उत्तर नाही, स्वतःची बाजू मांडायला फोन नाही, स्क्रीनशॉट तुम्हाला फक्त धमकी असेल तर. भेटीतला बहुतेक वेळ त्याच्याविषयी जात असेल तर विषय बदलायचा अधिकार तिला द्या. आणि एवढं सगळं तिला झेपणार आहे का, हे तिला आधी विचारा.