विंडोज, मॅक का लिनक्स? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, तेव्हापासून जो तो हेच विचारतो, भाऊ आता काय टाकू, विंडोज 11 टाकू, लिनक्स (फुकटची ऑपरेटिंग सिस्टम) टाकू का सरळ मॅकच घेऊन टाकू?

मी आधी उलटं विचारतो, कोणतं सॉफ्टवेअर बंद पडलं तर तुमचं काम अडते? नागपूरच्या इतवारी बाजारात दुकान असंल अन् हिशोब टॅलीवर असंल तर विषय संपला, टॅली विंडोजवरच चालते, गपगुमान विंडोज वापरा. फक्त विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागते अन् इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज 11 घेतच नाही, म्हणजे धडधाकट लॅपटॉप भंगारात काढा म्हणते, हे मला तरी पटत नाही.

तसा लॅपटॉप घरी नुसता यूट्यूब, मेल अन् पोरांच्या प्रोजेक्टसाठी असंल तर त्यावर बिनधास्त लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाका. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, आईबाबांनाही सापडते. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता चालवून पाहा, वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं तपासा, मगच डिस्कला हात लावा.

मॅक मस्त आहे पण सवयी बदलाव्या लागतात. फाईलवर एंटर मारला तर ती उघडत नाही, नाव बदलायला घेते. फाईल कट करायची सोयच नाही, कॉपी करा अन् पेस्ट करताना कमांडसोबत ऑप्शन दाबा, मग ती हलते. विंडो कडेला ओढली की अर्ध्या स्क्रीनवर बसते, हे विंडोज 7 मध्ये 2009 ला होतं, मॅकवर 2024 ला आलं, बोला! पण फाईल सिलेक्ट करून स्पेसबार दाबला की न उघडता आतलं दिसते, त्याची सवय लागली की दुसरीकडे हात चाचपडतो. एनटीएफएसची (विंडोजच्या फॉरमॅटची) हार्डडिस्क असंल तर मॅक ती वाचते पण तिच्यावर लिहीत नाही, घ्यायच्या आधी हे बघाच. अन् हो, ॲपलच सांगते मॅकबुक 10 ते 35 डिग्रीत वापरा, आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, तेव्हा कूलरसमोरची जागा आधीच धरून ठेवा.

मराठी टायपिंगची काळजी नको, इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची ठरलेली कीबोर्ड मांडणी) तिन्हीकडे आहे अन् बोटं तीच चालतात.