तुम्ही विचारलंत म्हणून: ताईची बिले मी का दाखवत नाही

ताईच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी लोकांकडून ऑनलाइन पैसे घेतले, तर सगळी बिले लोकांसमोर का ठेवत नाही, असे देणगीदार मला आजही विचारतात. काही जण आडवळणाने विचारतात, तर काही थेट ‘लपवण्यासारखे काय आहे?’ असे. लपवण्यासारखे आहे, मात्र ते पैशांत नाही.

किती रक्कम जमली, मंचाचे शुल्क किती कापले गेले, रुग्णालयाला आणि औषधांच्या दुकानाला किती गेले, हे सर्व मी जाहीर केले आहे. देत नाही ते बाबवार बिल. सुरुवातीला तेही दिले होते. केमोथेरपीच्या पहिल्या फेरीचे बिल, केवळ नाव झाकून, आवाहनाच्या पानावर जसेच्या तसे टाकले तेव्हा अनेकांनी कौतुक केले. मग एका देणगीदाराने त्यातली ओलान्झापीनची नोंद हेरली आणि रक्ताच्या कर्करोगाला स्किझोफ्रेनियाचे औषध कशाला लागते, असे सर्वांसमोर विचारले. प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, कारण ते औषध मुख्यतः त्याच आजारासाठी ओळखले जाते. केमोथेरपीमुळे होणाऱ्या उलट्या रोखण्यासाठीही ते देतात, हे मलाही डॉक्टरांकडूनच कळले. तोवर काहींनी कर्करोगच खोटा ठरवून पैसे परत मागितले होते आणि एका नातेवाइकांनी आईला फोन करून ‘हिला डोक्याचाही त्रास आहे, हे आम्हाला सांगितले नाहीत’ असे सुनावले होते. मी सविस्तर खुलासा लिहिला: उलट्या किती होतात, आधीची औषधे का पुरली नाहीत, पोटात काय टिकते. शंका मिटल्या, देणग्या पुन्हा येऊ लागल्या. ताईने तो वाचला आणि एवढेच विचारले, “माझ्या उलट्यांचाही हिशेब दिलास का रे?”

तेव्हापासून बाबवार बिल बंद. औषधे आणि तपासण्यांची यादी जाणकाराच्या हाती पडली, की तो त्यातून अख्खा आजार वाचतो. नाव झाकून काही साधत नाही, कारण आवाहनावर फोटो असतोच. प्रत्यारोपणानंतर लहानपणीच्या लसीही पुन्हा घ्याव्या लागतात. बिलात घटसर्प-धनुर्वाताची लस दिसली असती, तर तिचाही खुलासा मलाच लिहावा लागला असता.

लोकांच्या अपेक्षा मला समजतात. लहान बाळांचे स्नायू दुबळे करणाऱ्या एका जनुकीय आजारावरच्या, अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालेल्या झोलजेन्स्मासारख्या औषधासाठी निधी मागितला जातो, तेव्हा एक बाळ, एक मात्रा आणि २१ लाख डॉलरांहून अधिक अशी एकच किंमत असते. प्रत्यारोपणाला अशी एक किंमत नसते. रुग्णालयाचा अंदाज संसर्ग झाला की कोलमडतो, आणि घरी आल्यावरही औषधे व तपासण्या चालूच राहतात. ‘उरलेल्या’ पैशांचे काय केले, असे ज्यांनी विचारले त्यांना मी हेच सांगत आलो आहे.

तरीही एक गोष्ट मला गप्प करते. ताई आजारी पडण्यापूर्वी मी स्वतः देणगी देताना बिल मागत असे आणि टाळाटाळ दिसली की पैसे देत नसे. खोटी आवाहने करून पैसे लाटणारे असतात, हे तेव्हाही खरे होते, आजही आहे. त्या वेळच्या मला माझे आजचे उत्तर पुरले नसते, आणि त्याचे चुकले असते असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

मूळ बिले एखाद्या सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावीत आणि फक्त त्याचा दाखला जाहीर करावा, असे मी ताईला सुचवले आहे. तिने अजून होकार दिलेला नाही.