आयवाझोव्स्कीची लाट आतून का उजळते

रशियन चित्रकार इव्हान आयवाझोव्स्कीचं ‘नववी लाट’ हे १८५० सालचं चित्र सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आहे. २२१ बाय ३३२ सेंटिमीटरचा प्रचंड कॅनव्हास. वादळी रात्र सरून उजाडतंय, मोडक्या डोलकाठीला माणसं लटकली आहेत, आणि समोरून लाट चाल करून येतेय. बहुतेकांची नजर सूर्यावर खिळते, पण चित्राचा जीव त्या लाटेच्या हिरव्या माथ्यात आहे.

सूर्य लाटेच्या मागे आहे. माथ्याशी पाणी पातळ, म्हणून उजेड आरपार येतो. पाणी तांबडा उजेड शोषून घेतं, त्यामुळे उरलेला हिरवट दिसतो. खाली पाण्याची जाडी वाढत जाते आणि रंग काळवंडतो. कोकणात सूर्य मावळताना समुद्राकडे तोंड करून उभं राहा. लाट फुटण्याआधी क्षणभर हाच हिरवा चमकून जातो. तो क्षण काही मॉडेलसारखा बसून राहत नाही. आयवाझोव्स्की समुद्र स्टुडिओत, आठवणीतून रंगवायचा, ते याचसाठी.

तैलरंगात हा हिरवा आणायचा तर पांढऱ्यात हिरवा कालवू नका, माथा खडूसारखा निर्जीव दिसतो. आधी तिथे पांढऱ्यात किंचित पिवळा मिसळून फिकट थर द्या आणि पूर्ण सुकू द्या. याला आठवडाभर किंवा जास्तही लागतो. मग जवसाच्या तेलात पातळ केलेला विरिडियन (निळसर झाक असलेला पारदर्शक हिरवा रंग) मऊ, रुंद ब्रशने अगदी झिरझिरीत फिरवा. उजेड या थरातून आत जाऊन खालच्या फिकट रंगावरून परत येतो, म्हणून लाट आतून पेटल्यासारखी वाटते. असे दोन-तीन हात लागतात, प्रत्येक हात सुकल्यावर पुढचा. खालचा थर ओला राहिला तर दोन्ही रंग एकमेकांत मिसळून गढूळ होतात. खाली तेल जास्त आणि वर कमी झालं, तर पुढे तडे जातात.

फेस शेवटी, जाडसर रंगात. इथेच बरेचजण फसतात. ऊन मागून असताना लाटेच्या आपल्याकडच्या अंगावरचा फेस सावलीत असतो, म्हणून तो करडा-निळा हवा. पांढरा फक्त कडेला, जिथे ऊन लागतं. सगळा फेस पांढराशुभ्र केला की मागचा हिरवा विझतो.

आणि पाण्यावरचा उन्हाचा पट्टा सूर्याखालून सरळ खाली, बघणाऱ्याकडे येतो. सूर्य कोपऱ्यात असला तरी तो तिरपा काढू नका.