एक ब्रास इतिहास

रात्रीची जेवणं उरकली की आमच्या अण्णांचं आणि टीव्हीचं भांडण सुरू होतं. इतिहासाच्या चॅनेलवरचा गृहस्थ भारदस्त आवाजात विचारतो, "असं तर नसेल ना, की हे परग्रहावरून आलेल्यांनी बांधलं?" अण्णा बाजेवरून उत्तर देतात, "नाही." तो पुन्हा विचारतो, अण्णा पुन्हा "नाही" म्हणतात. तासाभरात असं दहा-बारा वेळा होतं. शेवटी अण्णाच दमतात आणि कूस बदलतात. टीव्ही मात्र बंद करू देत नाहीत.

या गृहस्थाची एक गोष्ट मानली पाहिजे. तो कधी विधान करत नाही, फक्त विचारतो. विधान केलं की लोक पुरावा मागतात, प्रश्नाला कोण पुरावा मागणार? आमच्या पारावर हीच रीत आहे. "अमक्याची सून दिवाळीआधीच माहेरी कामून गेली असंल बरं?" एवढं विचारून माणूस तंबाखू मळायला लागतो. पुढचं काम गाव करतं.

हे चॅनेल पहिल्यांदा आलं 2003 च्या सुमारास, तेव्हा असं नव्हतं. कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावात केबलवाल्यानं झाडाझाडावरून वायर ओढली होती आणि वारं सुटलं की चित्राला मुंग्या यायच्या. त्या मुंग्यांतून अण्णांनी अख्खं दुसरं महायुद्ध बघितलं. हिटलर आमच्या घरी रोजचा पाहुणा होता. (अमेरिकेतलं मूळ चॅनेल 1995 ला सुरू झालं, तेव्हा तिथंही लोक त्याला चेष्टेनं 'हिटलर चॅनेल' म्हणायचे, असं मी पुढं वाचलं.) मॅट्रिकपर्यंत शिकलेला, कपाशी-मक्यात आयुष्य गेलेला माणूस, पण 1941 च्या ऑक्टोबरातल्या पावसानं रशियात जर्मनांच्या गाड्या चिखलात रुतल्या, हे बघून त्यांनी जे भाष्य केलं ते मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. "काळ्या रानात जुलैत बैलगाडी घालायची नसती, एवढं त्याला सांगायला कोणी नव्हतं का?"

मग पाटी बदलायला लागली. 2008 ला इतिहासाच्या चॅनेलचं नाव 'फॉक्स हिस्टरी अँड एंटरटेनमेंट' झालं. पुढं मनोरंजन उतरलं आणि तिथं 'ट्रॅव्हलर' चढला. मग इतिहासच उतरला, नुसता ट्रॅव्हलर राहिला. शेवटी 'फॉक्स लाइफ'. आमच्या तालुक्याच्या गावी एक कृषी सेवा केंद्र आहे, त्याची हुबेहूब हीच कथा. आधी बियाणं-खतं, मग कोपऱ्यात मोबाइलचं रिचार्ज, मग थंड पेयांचा फ्रीज. आता बियाणं मागितलं की पोरगं आतल्या खोलीत शोधायला जातं. पाटीवर कणीस मात्र अजून आहे.

2011 ला 'हिस्टरी टीव्ही18' आलं, तेव्हा अण्णा खूश झाले. पण मूळ अमेरिकी चॅनेलच तोवर घसरणीला लागलं होतं. त्यांनी 2008 ला नावातला 'चॅनेल' काढून टाकला, त्याच्या आगेमागे इतिहासही. 2007 ला बर्फावरून ट्रक हाकणारे ड्रायव्हर आले, 2009 ला लास व्हेगासमधलं गहाणवटीचं दुकान, आणि त्यापाठोपाठ परग्रहवासी मुक्कामालाच. ते गहाणवटीचं दुकान बघून आईनं विचारलं होतं, "सावकाराच्या दुकानात बघण्यासारखं काय आहे?" आमच्या भागात या प्रश्नाला वेगळं वजन आहे. कुणी उत्तर दिलं नाही.

सगळ्यांचं तेच झालं म्हणा. गाण्यांच्या चॅनेलवरून गाणी गेली. 'टीएलसी'तला एल म्हणजे लर्निंग, आणि ते सुरू झालं तेव्हा त्यामागं नासाचा हात होता, हे सांगितलं तर लग्नाचे पोशाख बघत बसलेली आमची मावशी मला वेड्यात काढेल. प्राण्यांच्या चॅनेलनं 2012 ला जलपरी दाखवली, तीही इतक्या गंभीरपणे की अमेरिकी सरकारच्या समुद्र खात्याला 'जलपरी असल्याचा पुरावा नाही' असं जाहीर करावं लागलं. उत्खननावर चांगला माहितीपट करायला वर्ष जातं, दुकानात चार कॅमेरे लावायला दुपार पुरते, आणि जाहिरातवाला दोन्हीकडं माणसंच मोजतो. मी तरी कुठला धुतल्या तांदळाचा? त्या गहाणवटीच्या दुकानाचे भाग मी ओळीनं पाहिलेत, आणि तेव्हा शेजारच्या चॅनेलवर सातवाहनांच्या नाण्यांवर काही लागलं असतं तर मी तिकडं गेलो नसतो.

2019 ला चॅनेल निवडून घ्यायचे दिवस आले. केबलवाला फॉर्म घेऊन ओसरीवर बसला. मी म्हटलं, अण्णा, एवढ्या शिव्या देता, तर इतिहासवालं काढून टाकू. अण्णांनी चष्मा लावला आणि स्वतःच्या हातानं त्याच्यापुढं खूण केली. "राहू दे. लक्ष ठेवायला कोणीतरी पाहिजे."

लक्ष ठेवल्याचं फळ एका रात्री मिळालं. पडद्यावर एकदम ओळखीचा दगड दिसला. अण्णा उठून बसले. "आरं, हे तर आपलं वेरूळ!" आई ओला हात पदराला पुसत आली, माझी मुलगी अभ्यास टाकून आली. चौतीस लेण्यांतलं सोळावं, कैलास. आमच्या गावापासून तासाभराच्या आत. अण्णांनी लग्नानंतर आईला दाखवलेली पहिली जागा. आवाजवाल्यानं लाखो टनांचा आकडा सांगितला, तेवढा दगड अठरा वर्षांत काढायचा तर तासाला किती टन झाले तेही सांगितलं, आणि मग तो सवयीप्रमाणे थांबला. "असं तर नसेल ना..."

त्या रात्री अण्णा "नाही" म्हणाले नाहीत. शेजाऱ्यानं आपल्या बांधावर नांगर घालावा आणि आपण नुसतं बघत राहावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मग त्यांनी टीव्हीचा आवाज बंद करून नातीला कोकसाची गोष्ट सांगितली. राजा आजारी पडला. राणीनं नवस बोलला, राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. कारागीर म्हणाले, कळस दिसायला कितीतरी महिने लागतील. तेव्हा पैठणचा कोकस पुढं झाला. म्हणाला, आठवड्यात दाखवतो. त्यानं डोंगराच्या माथ्यावरून कोरायला सुरुवात केली, आधी कळस, मग खाली देऊळ. राणी जेवली.

मुलगी ऐकत होती. मग म्हणाली, "आजोबा, हेपण मनोरंजनच की." अण्णा गप्प. मीही. कारण पोरीचं बरोबर होतं. देऊळ राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातलं, म्हणजे आठव्या शतकातलं. कोकसाची ही कथा त्यानंतर कैक शतकांनी लिहिली गेली. आम्हीही आमच्या परीनं इतिहासाच्या पाटीवर दुसरं काहीतरी चढवलेलंच होतं. फरक इतकाच, की आमच्या गोष्टीतला कारागीर पैठणचा होता. एसटीनं जाता येईल इतक्या अंतरावरचा.

तिला मी मग बडोद्याच्या ताम्रपटाबद्दल सांगितलं. राष्ट्रकूटांच्याच गुजरात शाखेतल्या कर्क राजाचा तो ताम्रपट, शके 734 चा, म्हणजे इसवी सन 812-13. देवळाला तेव्हा जेमतेम चाळीस-पन्नास वर्षं झालेली. त्यात म्हटलंय की हे देऊळ बघून आकाशातले देव चकित झाले, हे माणसाच्या कलेचं काम वाटत नाही, असं त्यांना झालं. आणि ज्यानं ते घडवलं त्या शिल्पकाराला दुसरं तसं जमेना, तेव्हा तो स्वतःच थक्क झाला की, अरे, हे मी केलं तरी कसं? त्या चॅनेलवाल्याचा प्रश्न बाराशे वर्षांपूर्वी विचारून झालाय, आणि तोही खुद्द मिस्तरीनं. फक्त त्याच्या प्रश्नात 'मी' होता.

एवढ्यानं अण्णांचं समाधान होईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी वडार वस्तीवरच्या मामांना बोलावलं. आमच्या शिवारातल्या निम्म्या विहिरी मामांनी फोडलेल्या. त्यांच्यापुढं मी पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांचा हिशेब ठेवला. एक माणूस दिवसाला चार घनफूट दगड काढतो असं धरलं, तर अडीचशे माणसं साडेपाच वर्षांत कैलास मोकळा करतात.

"अडीचशे चोक हजार," मामा म्हणाले. "दहा ब्रास रोजचा."

खडी-वाळूत आयुष्य गेलेल्या माणसाला इतिहास ब्रासमध्ये लगेच कळतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आमच्याकडं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तेवढा बसतो. म्हणजे दिवसाला दहा ट्रॉल्या. परग्रहावरून कोण येतंय दहा ट्रॉल्यांसाठी?

पण मामांनी मान हलवली. "फुगवटा धरला नाही तू. फोडलेला दगड दीडपट होतो. पंधरा ट्रॉल्या म्हण." मग थोडं थांबून, "आन् लोहार?"

"लोहार काय?"

"काळ्या पाषाणात छिन्नी टिकती व्हय? दिवसातून कितीदा शेवटावी, धार काढावी लागती. अडीचशे गडी म्हणजे दहा तरी भाते पेटलेले पाहिजेत. भात्याला कोळसा. कोळशाला लाकूडतोडे. ते कुठं धरलेत ह्या सायबानं?" ढवळीकरांवर एवढा नेमका आक्षेप क्वचितच कुणी घेतला असेल.

पुढच्या बुधवारी आम्ही वेरूळला गेलो. मंगळवारी लेणी बंद असतात, आणि मामांनी मंगळवारच धरला होता, म्हणून एक दिवस उशीर. मामा आयुष्यात पहिल्यांदाच आत येत होते. घृष्णेश्वराला पन्नासदा आले असतील, पण लेण्याला तिकीट कशाला, म्हणून राहिलं. सोळा नंबरच्या अंगणात त्या दिवशी सहलीची पोरं होती, आणि त्यातलं एक गाइडला विचारत होतं, "सर, एलियनवालं हेच का?" गाइड "हेच, हेच" म्हणाला. त्याचा रोजचाच प्रश्न असावा.

आम्ही शिखर बघत होतो, हत्ती बघत होतो, कैलास हलवणारा रावण बघत होतो. मामा कशाकडंच बघत नव्हते. ते देवळाकडं पाठ करून, डोंगराच्या कापलेल्या भिंतीशी उभे होते. तिथं मूर्ती नाही, नक्षी नाही, नुसते छिन्नीचे ओरखडे, एकाखाली एक, पावसाच्या तिरप्या सरींसारखे. मामा भिंतीकडंनं हळूहळू चालत गेले. एका ठिकाणी थांबले. हात वर करून हवेतच दोनदा घाव घालून बघितला, मग हात बदलून पुन्हा.

"इथपर्यंत सगळे ह्या अंगाला तिरपे," ते अण्णांना म्हणाले. "हितून बघा, उलटे."

अण्णा चष्मा पुसून जवळ गेले.

"हा गडी डावखुरा दिसतो," मामा म्हणाले.