एमएच-१५ दिसली का?

मोठ्या ट्रिपचे शेवटचे दिवस म्हणजे लग्न आटपल्यावर मांडववाल्याची वाट बघत बसलेलं घर, सगळं झालेलं असतं आणि आवरलेलं काहीच नसतं. मागच्या सीटवर धुवायच्या कपड्यांचा ढीग, त्यात कुठेतरी आसामचा चहा आणि एक पोचमपल्ली साडी, डॅशबोर्डवर कुठल्या कुठल्या पार्किंगच्या पावत्या. गाडीला एक वासही असतो, पण तो बाहेरून येणाऱ्यालाच कळतो. भारताला फेरी मारून आम्ही दोघं इंदूरहून खाली, घरी नाशिकला निघालो तेव्हा अशी सगळी अवस्था होती.

सुरुवातीला आम्ही चहाच्या टपरीचेसुद्धा फोटो काढायचो. कन्याकुमारीला सूर्योदयासाठी पहाटे साडेचारला उठलो, समोर नुसते ढग, तरी तासभर तसेच उभे. आणि आता मांडूचा फाटा आला तर वेग पण कमी झाला नाही. पुढे धामणोदला महेश्वरची पाटी, हायवेपासून अगदी थोडं आत, तर नवरा म्हणतो, "जाऊ दे गं, हे काय जवळच आहे आपल्याला, एखाद्या वीकेंडला येऊ." कोणी येत नाही हो वीकेंडला. मी पण काही बोलले नाही, कारण माझ्या डोक्यात तेव्हा घरचं वॉशिंग मशीन फिरत होतं.

दूर असताना आमचा एक खेळ होता, एमएच-१५ म्हणजे आपल्या नाशिकच्या नंबरची गाडी शोधायची. सिलिगुडीजवळ कांद्याचा एक ट्रक दिसला, आपल्या पासिंगचा, तर नवऱ्याने एवढा हॉर्न वाजवला की ड्रायव्हरला वाटलं टायर बसला, बिचारा कडेला थांबला. निफाडचा निघाला. मग अर्धा तास रस्त्याच्या कडेला उभं राहून लासलगावला भाव काय चाललाय यावर चर्चा, जसं काही आमचीच कांद्याची चाळ भरलेली आहे घरी! निघताना त्याने पिशवीभर कांदे दिले, नको नको म्हणताना काचेतून आत ठेवले. नाशकात हाच माणूस सिग्नलला शेजारी उभा असता तर आम्ही काच तरी खाली केली असती का?

नागालँडमध्ये उलटंच. आग्रा रोडवर एनएल पासिंगचे ट्रक लहानपणापासून बघतेय, देशभरचे ट्रकवाले तिथलं पासिंग करून घेतात, आणि दिमापूरला आल्यावर मला सारखं आपण नाशकातल्या द्वारका चौकाच्या आसपास आहोत असं वाटत होतं. त्या नवीन बीएच नंबरवाल्यांचं काय होत असेल कोण जाणे, २०२१ पासून निघालेत ते, सगळ्या भारताचे म्हणून भारी आहेत, पण हॉर्न कोणाला बघून वाजवायचा त्यांनी?

तर खलघाटला नर्मदा ओलांडली, सेंधवा गेलं, बिजासन घाट उतरलो आणि महाराष्ट्र. मग शिरपूरच्या पुढे तापी. ह्या दोन नद्यांना जाताना मी पूल लागला की हात जोडून, फोटो काढून, कॉइन टाकू का नको असं सगळं केलं होतं, आता तापी कधी गेली ते फास्टॅगचा मेसेज वाचताना कळलंच नाही. धुळ्यात एमएच-१८, मालेगावात एमएच-४१, आणि मग आपल्या दिसायला लागल्या. पहिल्या दोन-चारला नवऱ्याने बोट दाखवलं, "ती बघ, ती बघ." राहुड घाटात एक एमएच-१५ डावीकडून कट मारून गेली आणि त्याने तिला जी शिवी दिली ती अख्ख्या भारतात कोणाला दिली नव्हती.

चांदवडला रेणुकामातेला गाडीतूनच नमस्कार केला. गावात होळकरांचा रंगमहाल आहे, भिंतींवर चित्रं आहेत म्हणतात. म्हणतात असंच लिहावं लागतंय, कारण नाशिकपासून जेमतेम ६५ किलोमीटर आणि मी अजून पाहिलेला नाही. राजस्थानात हवेल्यांसमोर तिकिटाच्या रांगेत उन्हात उभी राहिले ती मीच. उजव्या हाताला सातमाळची रांग सुरू झाली, धोडपची ती खाच दिसली, हिमाचलमध्ये असा डोंगर दिसला असता तर आम्ही दहा वेळा थांबलो असतो. इथे नवरा म्हणाला, "पिंपळगाव टोलला गर्दी नसली म्हणजे बरं."

टोलच्या पुढे विषय एकच, जेवायचं काय. त्याला मिसळ पाहिजे होती, कुठल्या कुठल्या राज्यात इडली आणि पराठे खाताना रोज आठवण काढत होता, पण माझं म्हणणं होतं की आधी घरी जाऊन वरणभात, अंघोळ, मिसळ उद्या सकाळी. बराच वेळ वाद चालला. मग आठवलं की जाताना फ्रिज रिकामा करून बंद केलाय. म्हणून ओझरला थांबलो, मेथीची जुडी, दूध आणि टोमॅटो घेतले, भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "कांदे देऊ का?"

"द्या की दोन किलो," नवरा म्हणाला, आणि भावावरून घासाघीस पण केली.